दारावरची चकती

१

धाकट्या जावयाचं एक वागणं आक्कांना मुळीच खपत नसे. समोरचा माणूस वाक्याच्या अर्ध्यात असतानाच तो मान हलवून म्हणायचा, "झालंच समजा."

नळ गळतोय म्हणून सांगा, झालंच समजा. गच्चीचा दिवा गेलाय, झालंच समजा. लग्नाला इतकी वर्षं झाली, आक्कांच्या न्हाणीघरातला नळ अजून टिपटिपत होता, आणि जावयाच्या हिशेबी तो कधीच दुरुस्त झालेला होता. "याच्या तोंडातच काम जन्मतं आणि तोंडातच मरतं," असं आक्का लेकीला म्हणायच्या. लेक हसायची. गेल्या आठवड्यापर्यंत हसायची.

गेल्या आठवड्यात आक्कांची धाकटी बहीण गेली.

गेली म्हणजे वय झालं होतं म्हणून नाही. एकटी राहायची, कंबर मोडलेली, चाकाच्या काठीला धरून चार पावलं टाकायची. पाणी घ्यायला उठली, पडली, आणि तीन दिवस फरशीवर पडून राहिली. दार फोडून तिला बाहेर काढलं तेव्हा जीव होता, शब्द नव्हता. हॉस्पिटलात दोन दिवस नुसती बघत होती. मग तेही थांबलं.

आता यात तोंड दाबून बुक्क्यांचा मार असा, की त्या तिन्ही दिवशी, सकाळी आणि संध्याकाळी, तिच्याकडे मदतनीस येऊन गेल्याची नोंद होती. आंघोळ घातली, जेवू घातलं, औषध दिलं. सगळं झालं. झालंच समजा.

पूर्वी या कामाला सरकारी बाई यायची. तोंडाळ होती, नाकात बोलायची, पण यायची. नाही आली तर तिच्या ऑफिसात जाऊन दोन शिव्या हासडता यायच्या. मग सरकारला म्हाताऱ्यांचा कंटाळा आला. रस्त्यातले खड्डे बुजवायला देतात तसं माणसांना न्हाऊ-जेवू घालायचं कामही ठेक्यानं देऊन टाकलं. ठेका एका सेवाभावी संस्थेला मिळाला, आणि संस्थेचा कार्यवाह कोण, तर आक्कांचा जावई. तेव्हा त्यानं पेढ्यासारखं गोड तोंड करून सांगितलं होतं, "आई, आता बघा. प्रत्येक घरी एक चकती लावणार. मुलीनं मोबाइल त्या चकतीला टेकवला की ऑफिसात कळणार, मुलगी आली. चकतीला फसवता येत नाही."

धाकटी बहीण फोन उचलत नव्हती तेव्हा आक्कांनी त्याच जावयाला विचारलं होतं. त्यानं मोबाइलात बोट फिरवलं आणि म्हणाला, "दोन्ही वेळा मुलगी येऊन गेलीय आई. झोपल्या असतील." त्या वेळी धाकटी फरशीवर होती.

आज जावई जेवणाच्या टेबलाशी बसला होता. समोर कागद, कागदावर पेन. पलीकडे लेक बादलीत त्याच्या पांढऱ्या शर्टाची बाही घासत होती. बाहीवर हिरवा डाग होता, काही केल्या निघत नव्हता.

"किती घासशील," जावई वैतागला. "ऑफिसच्या जिन्यात रंगकाम चाललंय, लागला असेल. टाकून दे तो शर्ट." मग आवाज मऊ करून म्हणाला, "आई, सही तेवढी. घरच्यांची संस्थेबद्दल तक्रार नाही, फक्त त्या मुलीबद्दल आहे, एवढंच आहे यात. ती दारावरच्या चकतीला मोबाइल टेकवायची आणि बाहेरच्या बाहेर पसार व्हायची. पोलिसांनी धरलीय. उद्या मॅडम कागद घेऊन जातील, आणि मुलीची पाठवणी तुरुंगात."

मॅडम म्हणजे ठेका देणाऱ्या सरकारी खात्याच्या साहेबबाई.

आक्कांना सही येत होती. शाळेत दोनच वर्षं गेल्या, पण आपलं नाव त्या दगडावर कोरल्यासारखं काढत. त्यांनी पेन उचललं, कागदाकडे पाहिलं आणि पेन खाली ठेवलं.

"सही करीन," आक्का म्हणाल्या. "पण आधी त्या मुलीच्या थोबाडीत मारून येते. त्याशिवाय माझा हात चालायचा नाही."

२

पोलीस चौकीतल्या बाकावर मुलगी गुडघे जवळ घेऊन बसली होती. आक्कांना वाटलं होतं नटवी असेल, मुजोर असेल. ही तर वाळत घातलेल्या ओढणीएवढी. हातांना साबणाच्या भेगा.

आक्कांनी हात उगारला. मुलीनं तो चुकवला नाही. डोळे मिटून गाल पुढे केला.

उगारलेला हात तसाच राहिला. मार खायची एवढी सवय आक्कांना आवडली नाही.

"का गं गेली नाहीस तिच्याकडे? फरशीवर पडली होती माझी बहीण!"

"मला सांगितलं होतं, त्या तुमच्याकडे राहायला गेल्यात."

"माझ्याकडे?"

"हो. महिनाभर थोरल्या बहिणीकडे. तुझ्या फेरीतून नाव काढलंय, तिकडे जाऊ नकोस. मुकादमांचा फोन होता. मी म्हटलंसुद्धा, जाताना मला सांगितलं कसं नाही आमच्या आजींनी? तर म्हणाले, तू कोण लागून गेलीस?" मुलीचा आवाज फाटला. "कळल्याबरोबर हॉस्पिटलात धावले. त्याच दुपारपासून त्यांच्या पायाशी होते. तिथूनच मला उचलून आणलं. तेव्हापासून इथं."

"दार फुटल्यापासून तिच्या घरी गेली नाहीस?"

"पाऊल ठेवलं नाही."

"आणि ती चकती? दारात टेकवायचीस आणि पळायचीस म्हणतात."

मुलगी पहिल्यांदाच ताठ बसली. रडणाऱ्या चेहऱ्यावर राग असा आला, जसा राखेत निखारा निघावा.

"तेच तर सांगून सांगून दमले. कुणी ऐकत नाही. मी सांगितलं तर तुम्हीही म्हणाल, बनाव करते. नाहीच सांगत. तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी बघा. आमच्या आजींच्या उशाशी बघा."

"काय बघू?"

"बघा म्हणजे कळेल. मी दारातून परतूच शकत नव्हते."

हवालदारानं घड्याळाकडे पाहून खाकरलं. आक्का उठल्या. जाता जाता त्यांनी उगारला होता तोच हात मुलीच्या डोक्यावर ठेवला, आणि मग स्वतःचाच राग आल्यासारखा झटकन काढून घेतला. थोबाडीत मारायला आलेल्या बाईनं असं करावं हे काही बरं दिसत नाही.

३

"किल्ली मुकादमाकडे आहे," जावयानं फोनवर सांगितलं. "कुलूप त्यालाच पाठवून लावून घेतलंय. मी कुठला तिकडे जातो, मला वेळ आहे? आणि आई, आता तिथे काय आहे बघण्यासारखं?"

"तिची शाल आणायचीय."

"झालंच समजा. पाठवतो कुणाबरोबर."

आक्कांनी फोन ठेवला. तोवर लेकीनं पदराआडून एक नवी कोरी किल्ली पुढे केली.

"कुठं मिळाली?"

"यांच्याच खणात होती," लेक म्हणाली. आईच्या डोळ्याला डोळा द्यायचं तिनं टाळलं.

धाकटीच्या इमारतीच्या जिन्यात रंगाचा वास कोंदला होता. सगळी दारं हिरवी करायचं काम चाललं होतं. वरच्या मजल्याच्या पायरीवर रंगारी बिडी ओढत बसला होता. आक्कांना ओळखून त्यानं बिडी विझवली.

"मीच फोडलं दार, आजीबाई. माझंच ओलं दार मीच फोडलं. पहिला हात सोमवारी दिला होता. ठोठावलं, कुणी बोललं नाही, म्हटलं झोपल्या असतील, बाहेरून मारून मोकळा झालो. बुधवारी सकाळी दुसरा हात मारला आणि ब्रश पुसत होतो, तर आतून टकटक." तो थांबला. "टकटक सोमवारीही ऐकली होती. वाटलं कुणी खिळे ठोकतंय. त्या पेला आपटत होत्या फरशीवर."

आक्कांनी जिन्याचा कठडा धरला.

"पहार घातली, फळी तडकली, कडी निघाली. मग अँब्युलन्स आली, आणि मला जबाबाला चौकीत नेलं ते संध्याकाळपर्यंत. परत येऊन बघतो तर नवं कुलूप."

आक्का दारापाशी गेल्या. कुलपाच्या वर, छातीच्या उंचीला, पांढरी चकती होती. भाकरीच्या गोळ्याएवढी, प्लास्टिकची. दाराची फळी कडीपासून वरपर्यंत उभी तडकली होती. तडा चकतीच्या खालून आत शिरायचा आणि वरून बाहेर पडायचा. चकती मात्र अखंड. तिच्यावर ओरखडासुद्धा नाही.

"बाबा रे," आक्का हळूच म्हणाल्या, "रंग मारताना ही चकती काढली होतीस?"

"मी कशाला काढतोय? पाट्या, घंटा, काही काढत नाही आम्ही. काढलं की मालक नंतर भांडतात. कडेकडेनं ब्रश फिरवायचा." तो वाकून बघायला लागला. "पण ही नव्हतीच इथं. सबंध फळी सपाट मारली होती मी."

आक्का कुलूप काढून आत गेल्या. पलंग, उशी, औषधाच्या बाटल्या, चाकाची काठी. स्वयंपाकघराच्या दारात स्टीलचा पेला आडवा पडला होता, काठ चेपलेला. आक्कांनी तो उचलला नाही. उशाशी गेल्या. भिंतीचा रंग वर्षानुवर्षांच्या धुरकटपणानं पिवळा पडला होता, आणि त्या पिवळ्यात, झोपलेल्या माणसाच्या तोंडासमोर, एक गोल जागा पांढरीस्वच्छ होती. गोलात स्क्रूची दोन भोकं. माप कुणाचं, ते सांगायला फूटपट्टी नको होती.

"आई," दारातून लेकीचा आवाज आला. चमत्कारिक आवाज. ती अजून बाहेरच होती, चकतीच्या कडेवरून बोट फिरवून ते बोट उजेडात धरून बघत होती. "आई, हा हिरवा..."

"काय?"

"काही नाही," लेक म्हणाली आणि बोट पदराला पुसत राहिली, पुसण्यासारखं काहीच नसताना.

४

मुकादम संस्थेच्या ऑफिसबाहेर चहा पीत उभा होता. मदतनीस मुलींवर देखरेख करायची, फेऱ्या लावायच्या, हे याचं काम. आक्का समोर येऊन उभ्या राहिल्या तसा त्याचा चहा हिंदकळला.

"धाकटीच्या घराला कुलूप कोणी लावलं रे?"

"मी," मुकादम जमिनीला म्हणाला.

"बरं. आणि पहिल्यांदा चकती लावायला आला होतास तोही तूच?"

यावर तो जरा सैलावला. "मीच. आणि आक्का, तुमच्या बहिणीनं माझी काही कमी फजिती केली नाही! मी दारावर लावली, झकास. तर आतून ओरडल्या, 'काढ ती. दारावर असली की मुली दारातल्या दारात मोबाइल टेकवून पळतील. इथं उशाशी लाव. माझं तोंड बघितल्याशिवाय कुणाचा पगार निघता कामा नये!' मी म्हटलं, नियमात दारावर आहे. तर म्हणाल्या, 'नियम दारावर निजतो का रे? निजते मी.' मग काय, भिंतीला भोकं पाडून दिली उशाशी लावून. सगळ्या भागात तेवढी एकच चकती घराच्या आत होती."

आक्कांनी पदर तोंडाला लावला. हसू होतं का दुसरं काही, ते त्यांनी ठरू दिलं नाही. माझीच बहीण!

"हे तुझ्या साहेबांना माहीत होतं?"

"त्यांना कशाला सांगू? नियम मोडला म्हणून मलाच झापतील. ते कधी कुठल्या घरी येतात थोडेच."

"मग उशाशी लावलेली चकती काढली कुणी?"

मुकादमानं चहाचा ग्लास इतका हळू खाली ठेवला, जसा काही तो फुटणार होता.

"मला दोन लेकरं आहेत, आक्का."

"त्या मुलीलाही आई आहे. आज ती आत गेली. उद्या आणखी एक म्हातारी पडली की कोण जाईल? सरकार बोट दाखवतं संस्थेकडे, संस्था तुझ्याकडे, तू मुलीकडे. मुलगी संपली की बोट कुणावर थांबेल, ते तूच मोज."

तो वळला, चार पावलं गेला, परत आला. इकडेतिकडे बघून कुजबुजला.

"सही करू नका. ताटात अजून पुष्कळ आहेत."

"कसलं ताट?"

पण मुकादम ऑफिसच्या जिन्यात शिरला होता. आणि आक्कांनी पाहिलं, तो जिना जुनाट, मळका, पोपडे सुटलेला होता. रंगाचा हात त्याला वर्षानुवर्षं लागला नव्हता.

त्या तिथंच उभ्या राहिल्या. बाहीवरचा हिरवा डाग, खणातली किल्ली आणि लेकीचं पुसलेलं बोट. आपलेच दात आणि आपलेच ओठ. चावावं तरी कुणाला? रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. एकीकडे लेकीचा संसार, दुसरीकडे ती गाल पुढे करणारी पोर. सकाळी त्यांनी जावयाला निरोप धाडला: सही देते, पण माझ्या बहिणीच्या घरात. मॅडमनाही तिथंच आणा, मुकादमालाही आणा.

"झालंच समजा," जावयाचं उत्तर आलं.

५

मॅडम एकदम नीटनेटक्या होत्या. खुर्चीवर रुमाल अंथरून बसल्या. "दुर्दैवी घटना. पण आजी, एक लक्षात घ्या. खातं स्वतः सेवा देत नाही, ते सेवा करून घेतं. आमच्याकडे भेटींच्या नोंदी येतात, त्या पूर्ण आहेत. दार फोडल्याच्या दुसऱ्याच दिवशी मी येऊन पाहणीसुद्धा केली. चकती जागेवर होती. संस्थेचा दोष नाही, व्यक्तीचा आहे."

"आत आला होतात पाहणीला?" आक्कांनी विचारलं.

"दारावर चकती दिसली. आत कशाला?"

"बरोबर. आत कशाला." आक्का पलंगाच्या कडेवर बसल्या. लेक भिंतीला टेकून उभी होती, हातात कापडी पिशवी. "जावईबापू, तेवढं मला अडाण्याला समजावा. मुलगी काय करायची?"

जावई उठून दारापाशी गेला, चकतीशेजारी उभा राहिला. शिकवणी घेतल्यासारखा. "इथं यायची. मोबाइल असा टेकवायची. आणि ही चालली. आत पाऊलच नाही. आत आली असती तर मावशी दिसल्याच असत्या ना!"

"दिसल्याच असत्या," आक्का म्हणाल्या. "मुकादम, आता तू. चकती पहिल्यांदा तू लावलीस ना? जिथं लावलीस तिथं जाऊन उभा राहा."

मुकादमानं साहेबांकडे पाहिलं. मग फरशीवरच्या चेपलेल्या पेल्याकडे पाहिलं. मग सावकाश खोली ओलांडून तो पलंगाच्या उशाशी आला आणि भिंतीवरच्या पांढऱ्या गोलाशेजारी, खाली मान घालून उभा राहिला.

मॅडमनी पेनाचं टोपण बंद केलं.

"चकती इथं होती," आक्का म्हणाल्या. "हिच्या तोंडासमोर. म्हणजे आत आल्याशिवाय हजेरी नाही, आणि आत आल्यावर फरशीवरचं माणूस चुकत नाही. मग तीन दिवसांच्या हजेऱ्या कुणी लावल्या, कुठं बसून लावल्या?"

जावई गडबडला, पण सावरायला त्याला वेळ लागत नसे. "मग तिनंच काढून दारावर लावली असेल! आत यायचा कंटाळा म्हणून."

"कधी?"

"कधीही. मावशी पडायच्या आठ दिवस आधी."

आक्का उठल्या. स्वयंपाकघरातून चपटी सुरी आणली, दारापाशी गेल्या आणि चकतीच्या कडेखाली सुरी सारून ती उचकटली. चकती चिकट आवाज करून सुटली. आक्कांनी ती उलटी करून मॅडमच्या नाकासमोर धरली. पाठीवर हिरवा रंग होता, फळीच्या रेघा उमटलेला, आणि रंगात लाकडाचा एक सुटा कपचा.

"रंगाऱ्यानं दुसरा हात बुधवारी मारला आणि तसंच ओलं दार फोडलं. ही चकती ओल्या रंगावर बसलीय, आणि तड्याच्या वर बसलीय. आधी असती तर पहारीनं फुटली असती किंवा उडाली असती. म्हणजे दार फुटल्यानंतर, त्याच दिवशी लावली. तेव्हा ती मुलगी हॉस्पिटलात माझ्या बहिणीचे पाय चेपत होती, आणि मग चौकीत होती. तिनं कशी लावली?"

"मुकादम!" जावई गरजला. "कुलूप लावायला याला पाठवलं होतं मी. यानंच घोटाळा केलाय. लबाड! किती दिवस चाललंय हे?"

"थांबा," आक्का म्हणाल्या. "मुकादमानं परत लावली असती तर कुठं लावली असती? त्यानं स्वतः भोकं पाडली होती. नुसते स्क्रू पिळायचे होते. त्याला ठाऊक होतं ही कुठं असते. दारावर कोण लावेल? ज्याला वाटतं सगळ्यांच्या चकत्या दारावरच असतात, जो या घरात कधी आत आलाच नाही. ज्याला माझ्या बहिणीचं उशी-अंथरूण कुठल्या भिंतीला आहे ते माहीत नाही. असे इथं दोन जण आहेत, जावईबापू. एक मॅडम, आणि मॅडम काही कुलूप लावायला आल्या नव्हत्या."

"हा निव्वळ तर्क आहे, आई. तुम्ही दुःखात आहात. मी त्या दिवशी या इमारतीत आलोच नाही."

तेव्हा भिंतीला टेकलेली लेक पुढे आली. पिशवीतून तिनं पांढरा शर्ट काढला आणि टेबलावर पसरला. बाही दाराच्या बाजूला केली. एकच हिरवा. डोळ्यांना फरक दिसूच नये इतका एक.

"ऑफिसच्या जिन्यात रंगकाम चाललंय म्हणालात," ती नवऱ्याला म्हणाली. आवाज कापत नव्हता, याचं तिचं तिलाच नवल वाटत असावं. "काल जाऊन बघून आले मी. तिथं फक्त पोपडे आहेत."

६

एकदा धागा सुटला की स्वेटर उसवायला वेळ लागत नाही. मुकादम घडाघडा बोलला.

संस्थेनं मुली कमी केल्या होत्या. उरलेल्या पुऱ्या पडेनात. मग एकेका म्हाताऱ्याला फेरीतून वगळायचं. ज्याला बघणारं कुणी नाही, ज्याला फोन धड ऐकू येत नाही, तो आधी. मुलीला सांगायचं, ते नातेवाइकांकडे गेलेत. म्हाताऱ्याला सांगायचं, चकती बिघडलीय, दुरुस्तीला नेतो. ऑफिसात एक मोठं ताट होतं. त्या ताटात काढलेल्या सगळ्या चकत्या, आणि शेजारी प्रत्येक मुलीच्या नावाचा दुसरा मोबाइल. सकाळी टेकवायचा, संध्याकाळी टेकवायचा. बसल्या जागी सगळ्यांच्या आंघोळी, सगळ्यांची जेवणं.

"तुमच्या बहिणीची चकती मीच उशाशी जाऊन काढली," मुकादम म्हणाला. "'दुरुस्त करून लवकर आण रे' म्हणाल्या मला. साहेबांनी त्या दिवशी ती ताटातून उचलली आणि स्वतःच निघाले. म्हणाले, तू नको, तुझं तोंड फितूर आहे. कुलूपही त्यांनीच लावलं, मला नुसतं 'मी लावलं' म्हणायला सांगितलं."

मॅडमनी रुमालाची घडी घातली. "हे गंभीर आहे. आम्ही संस्थेकडून खुलासा मागवू. करारात तशी तरतूद..."

"खुलासा!" आक्का अशा फिरल्या की मॅडमची खुर्ची मागे सरकली. "बाई, माझी बहीण तीन दिवस तुमच्या करारावर पेला आपटत होती. तुम्ही दारापर्यंत आलात आणि चकती बघून गेलात. चकती जेवते का? चकतीला पाठीला जखमा होतात का? काम द्यायचं असेल तर द्या कुणालाही, पण बघायचं कामही देऊन टाकलंत तर तुम्ही उरलात कशाला? आधी चौकीत फोन लावा. इथं, माझ्यासमोर. ती मुलगी सुटली हे माझ्या कानांनी ऐकू दे."

मॅडमनी फोन लावला. आवाज बारीक होता, पण शब्द बरोबर होते. फोन ठेवल्यावर त्यांनी सहीचा कागद हळूच उचलला, दुमडला आणि पर्समध्ये घालू लागल्या. आक्कांनी हात पुढे केला. कागद त्यांच्या हातात आला आणि त्याचे चार तुकडे झाले.

जावई बायकोकडे बघत होता. तिनं शर्टाची घडी घातली होती आणि ती पिशवी मॅडमपुढे ठेवली होती. मग तो सासूजवळ आला. चेहरा कसनुसा झालेला.

"आई, घरातली गोष्ट आहे. तुमच्या लेकीचा तरी विचार करा. मी सगळं नीट करतो. मुली वाढवतो, त्या पोरीला कामावर घेतो, मावशींच्या नावानं..."

आजवर आक्कांनी या माणसाला कधी अहो-जाहोशिवाय हाक मारली नव्हती. जावयाचा मान म्हणून गळक्या नळावरसुद्धा आवाज चढवला नव्हता. त्यांनी वाकून फरशीवरचा पेला उचलला. चेपलेल्या काठावरून अंगठा फिरवला. आणि तो पेला जावयाच्या हातात दिला.

"धर. तुझ्याकडेच राहू दे. लेकीचा विचार मी केला, म्हणून तर ती माझ्या शेजारी उभी आहे आणि तू समोर. आता माझं ऐक, आणि मधे मान हलवू नकोस. ते ताट उचलायचं. मुकादम आणि मी तुझ्याबरोबर येतो. चौकीचा माणूसही येईल. ज्याची ज्याची चकती त्यात आहे त्याच्या घरी आत्ता जायचं. दारात थांबायचं नाही, आत जायचं, उशाशी जायचं. त्या माणसाचं तोंड बघायचं आणि स्वतःच्या तोंडानं सांगायचं, की तुम्हाला मी न्हाऊ घातलं, जेवू घातलं असं लिहिलं, आणि आलो नाही. कुणी थुंकलं तर पुसायचं नाही. शेवटचं घर झालं की चौकीत जाऊन बसायचं, त्या मुलीच्या बाकावर. आणि खबरदार, 'झालंच समजा' म्हणालास तर! या घरात आता समजायचं काही उरलं नाही. प्रत्येक दारात मी उभी राहणार आहे, झालेलं डोळ्यांनी बघणार आहे. चल, आधी ताट आण."